सहाव्या वर्षी सुरू होणारी दहा वर्षं

मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सचा एक साधा नियम आहे. खेळाडूला ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात, त्या वर्षाच्या आधी तिला ऑलिम्पिकमध्ये उतरता येत नाही. मुलांसाठी हीच अट अठराची आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने मुलींसाठी सोळाची रेघ १९९७ पासून आखली. त्याआधी ती पंधरावर होती, त्याच्याही आधी चौदावर. म्हणजे आज ठाण्यात, पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात सहा वर्षांची जी मुलगी केस घट्ट बांधून पहिल्यांदा मॅटवर पाऊल ठेवते, तिच्यासाठी ते दार आणखी दहा वर्षं उघडणार नाही. मुलगा असेल तर बारा वर्षं. ते लवकर उघडावं म्हणून कुणी कितीही धडपडलं तरी उपयोग नाही.

जिल्हा स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत बसलं की मात्र वाटतं, हा नियम इथे कुणाच्या कानावरच गेलेला नाही. आठ वर्षांखालच्या, दहा वर्षांखालच्या गटांत सुवर्ण, रौप्य, कांस्य. गळ्यात पदक, हातात प्रमाणपत्र, संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग. आणि दुसऱ्या दिवशी कोचला प्रश्न: "सर, पुढच्या वर्षी राज्याला नक्की ना?" 'माहीत नाही, आणि तूर्त ते महत्त्वाचंही नाही' असं खरं उत्तर देणाऱ्या कोचची दोन-चार मुलं पुढच्या महिन्यात शेजारच्या क्लासला गेलेली असतात. ज्या पुस्तकासाठी मी ही प्रस्तावना लिहितो आहे, ते त्या कोचसाठी आहे. त्याचं उत्तर पटावं म्हणून ते पालकांसाठीही आहे.

आपल्याकडे दीर्घकालीन ध्येयच नसतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझं निरीक्षण थोडं वेगळं आहे. ध्येयं असतात, अगदी पक्की असतात, फक्त ती खेळातून आलेली नसतात. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलतींना माझा विरोध नाही. खेळणाऱ्या मुलांच्या अनेक घरांना त्यांचा आधार वाटतो. पण त्यांचा एक परिणाम कुणी मोकळेपणाने मांडत नाही. प्रमाणपत्र हातात आलं की हिशेब पूर्ण होतो, आणि तो बहुधा दहावीच्या वर्षी पूर्ण होतो. दहावीतली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघ जेव्हा 'आता ये' म्हणतो, नेमकं तेव्हाच आपण 'आता पुरे' म्हणतो. दहा वर्षांची मेहनत उंबरठ्यावर सोडून देण्याची ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचित्र आहे असंही आपल्याला वाटत नाही.

या घाईला एक जुनं चित्रही कारणीभूत आहे. १८ जुलै १९७६ रोजी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीने अनइव्हन बार्सवर दहापैकी दहा गुण मिळवले. गुणफलकावर दहा दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून तिथे १.०० असा आकडा उमटला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या संध्याकाळपासून जगाच्या डोळ्यांपुढे जिम्नॅस्ट म्हटलं की एक छोटी, हलकी, न हसणारी मुलगी उभी राहते. चौदाव्या वर्षीच्या त्या दहा गुणांच्या मागे आठेक वर्षांचं रोजचं काम होतं, हे त्या चित्रात दिसत नाही. पुढे वयाची अट वाढली तेव्हा काही देशांनी वाट बघण्याऐवजी कागदच बदलले. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये चीनच्या महिला संघाला मिळालेलं सांघिक कांस्य दहा वर्षांनी, २०१० मध्ये, काढून घेण्यात आलं, कारण संघातल्या एका खेळाडूचं वय तेव्हा नियमात बसत नव्हतं. आपल्या वयोगट स्पर्धांच्या नोंदणीच्या टेबलावर जन्मदाखल्यांवरून जे वाद होतात ते याच जातीचे, फक्त लहान आकाराचे.

आता ज्या गोष्टीशिवाय भारतात हा विषय मांडताच येत नाही, तिच्याकडे येतो.

दीपा कर्माकर ९ ऑगस्ट १९९३ रोजी आगरतळ्यात जन्मली. वडील वेटलिफ्टिंगचे कोच. सहाव्या वर्षी ती जिम्नॅस्टिक्सला आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. धावण्याच्या, उडण्याच्या आणि उतरण्याच्या खेळात सपाट तळपाय म्हणजे निवड चाचणीतच नाव कापलं जाण्याचं कारण. बिश्वेश्वर नंदी आणि त्यांच्या पत्नी सोमा नंदी या दोघांकडे ती शिकली. तळपायाची कमान घडवण्यासाठी सुरुवातीला बराच काळ खर्ची पडला. चौदाव्या वर्षी ती राष्ट्रीय ज्युनियर विजेती झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ती होती, पण तिथे पदकं आली ती आशिष कुमारला. भारताची जिम्नॅस्टिक्समधली ती पहिली राष्ट्रकुल पदकं. दीपाचं पहिलं मोठं पदक २०१४ मध्ये ग्लासगोला, व्हॉल्टवरचं कांस्य. एप्रिल २०१६ मध्ये तिने रिओची पात्रता मिळवली. ऑलिम्पिकला पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. पुरुषांतसुद्धा १९६४ नंतर कुणी गेलेलं नव्हतं. १४ ऑगस्ट २०१६ रोजी व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती चौथी आली. तेविसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. सहाव्या वर्षापासून मोजलं तर सतरा वर्षं.

त्या चौथ्या क्रमांकाचं गणित कोचने नीट वाचावं असं आहे. दीपाचे गुण १५.०६६, कांस्य मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रूबरचे १५.२१६. फरक ०.१५०. अंतिम फेरीचे गुण हे दोन व्हॉल्टची सरासरी असतात, म्हणजे दोन्ही मिळून फरक ०.३००. पंचांच्या भाषेत ०.३ म्हणजे एक मध्यम चूक. दीपाने प्रोदुनोव्हा मारला होता: हातांवरून टेबल ओलांडून हवेत पुढच्या दोन कोलांट्या. तेव्हा त्याचं काठिण्यमूल्य ७.०, स्पर्धेतल्या सगळ्यात वरच्या मूल्यांपैकी. गुण गेले ते उतरताना. ती इतकी खोल बसली की मॅटला टेकते की काय असं वाटलं.

हे मी दोष म्हणून लिहीत नाही. ज्या मुलीने सरावासाठी जुन्या स्कूटरच्या भागांपासून बनवलेला स्प्रिंगबोर्ड वापरल्याचं त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, तिच्या उतरण्यावर घरी बसून बोट ठेवणं सोपं आहे. मला बोट ठेवायचं आहे ते आपल्या गणितावर. पोहोचायला उशीर झालेला देश एकच अवघड व्हॉल्ट निवडतो आणि काठिण्याच्या जोरावर अंतर भरून काढतो. नंदींची ती निवड धाडसी होती आणि परिस्थिती बघता शहाणपणाचीही होती. पण तो अपवाद होता, आणि २०१६ नंतर आपण त्याचीच वाट करून टाकली. देशभरच्या हॉलमध्ये मुली व्हॉल्टकडे वळल्या. अरुणा रेड्डीचं २०१८ च्या मेलबर्न विश्वचषकातलं कांस्य व्हॉल्टवरचं, प्रणती नायकची आशियाई पदकं व्हॉल्टवरची. बीम, बार्स आणि फ्लोअर मागे राहिले, कारण तिथे एका अवघड उडीवर काम भागत नाही. बीमची पट्टी दहा सेंटिमीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. तिच्यावर दीड मिनिटापर्यंत जे करायचं ते दहा वर्षांच्या पायाभरणीशिवाय येत नाही.

खुद्द दीपाची गोष्टही रिओत संपत नाही. २०१७ मध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये मर्सिनच्या विश्वचषक मालिकेत सुवर्ण. मग लांब खंड, त्यात उत्तेजक चाचणीनंतरचं निलंबनही आलं. आणि मे २०२४ मध्ये ताश्कंदला, तिसाव्या वर्षी, आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण, जे आधी कुणाही भारतीयाने जिंकलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती निवृत्त झाली. तिशीत आलेलं हे सुवर्ण रिओच्या चौथ्या क्रमांकापेक्षा कमी गाजलं. कोचनी मात्र त्याच्याकडे जास्त वेळ बघावं.

जिम्नॅस्टिक्समधली घाई गुणपद्धतीतूनही येते. २००६ पासून 'परफेक्ट टेन' इतिहासजमा झाला. आता दोन पंचमंडळं दोन वेगळे आकडे काढतात: एक काठिण्याचा, ज्याला वरची मर्यादा नाही, आणि दुसरा सादरीकरणाचा, जो दहापासून सुरू होऊन चुकांप्रमाणे खाली येतो. किरकोळ चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५, पडलं तर पूर्ण एक गुण. दर चार वर्षांनी नियमावली बदलते आणि प्रकारांची मूल्यंही बदलतात. रिओनंतर प्रोदुनोव्हाचं मूल्य कमी करण्यात आलं. एका विशिष्ट प्रकारावर लहान मुलाची दहा वर्षं लावणारा कोच अशा आकड्यावर पैसे लावत असतो, जो मूल मोठं होईपर्यंत दोनदा तरी बदलणार आहे. उतरण्याची किंमत मात्र प्रत्येक नियमावलीत तीच राहते.

म्हणून या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग उतरण्यावर आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. कॅनडाचे कीथ रसेल यांनी जिम्नॅस्टिक्सच्या हजारो प्रकारांची वाटणी सहा मूळ हालचालींत केली: उतरणं, स्थिर राहणं, जागा बदलणं, झोका, फिरणं आणि उसळी. जगभरच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमांत ही मांडणी रुजली. तिचं मोल असं की सहा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचं हा प्रश्न सुटतो. त्याला 'फ्लिक', म्हणजे हातांवरून मागे घेतलेली उडी, शिकवायची नसते. त्याला दोन्ही पायांवर, गुडघे आतल्या बाजूला न पडू देता, पाठ न वाकवता, आवाज न करता उतरायला शिकवायचं असतं. आधी जमिनीवर, मग गुडघ्याइतक्या उंचीवरून, मग पाव वळण घेऊन, मग मागे पडून पाठीवर लोळत. व्हॉल्टवरून किंवा बारवरून सुटून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो पेलण्याची सवय बाराव्या वर्षी अचानक लागत नाही.

हँडस्टँडचंही तसंच. आपल्याकडे भिंतीला पाय टेकवून उभं राहता आलं की 'हँडस्टँड आला' अशी नोंद होते. खरं काम तिथून पुढे सुरू होतं: खांदे कानांपर्यंत दाबलेले, बरगड्या आत, कंबर सरळ, भिंतीशिवाय. बार्सवरचा प्रत्येक मोठा झोका हँडस्टँडमधून जातो. व्हॉल्टच्या टेबलावर हात पडण्याच्या क्षणभरात शरीर हँडस्टँडमध्येच असतं. आठव्या वर्षी वाकडा राहिलेला हँडस्टँड सोळाव्या वर्षी शेकडो वेळा ०.१ च्या हप्त्याने वसूल होतो.

इथे मल्लखांबाचा उल्लेख करायला हवा, केवळ अभिमानापोटी नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही कला पुन्हा उभी केली असं सांगितलं जातं. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा संस्थांनी ती टिकवली. मल्लखांबातून आलेल्या मुलाची पकड, कंबरेची ताकद आणि उलटं असतानाही डोकं शांत ठेवण्याची सवय पाहून परदेशी कोचला हेवा वाटेल. त्या मुलाकडे धावत येऊन उसळी घेण्याचा आणि उंचावरून सुटून उतरण्याचा सराव कमी असतो. दोन्ही खेळ एकाच मैदानावर चालत असतील तर पहिली तीन-चार वर्षं मुलांना दोन्हींत मिसळू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संघटनांना ते आवडणार नाही, पण मुलांना आवडेल.

आता वाढीकडे. या विषयावर मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मुलींची उंची साधारण अकरा ते तेरा या वयात झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. जिम्नॅस्टमध्ये हा काळ थोडा उशिरा येतो. त्या वेळी पालकांना दिसतं ते असं: कालपर्यंत सहज येणारी कोलांटी आज बिघडली, मुलगी रडते आहे, तिचं लक्ष नाही, तिला भीती वाटते आहे. लक्षाचा इथे काही संबंध नसतो, हा भूमितीचा प्रश्न आहे. शरीराचं प्रमाण तेच ठेवून उंची दहा टक्क्यांनी वाढली, म्हणजे १३५ सेंटिमीटरची मुलगी १४८ ची झाली, तर वजन साधारण तेहतीस टक्क्यांनी वाढतं. स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ती वाढते एकवीस टक्क्यांनी. आणि हवेत शरीर फिरवताना होणारा विरोध वाढतो तब्बल साठ टक्क्यांनी. प्रत्यक्षातलं शरीर इतकं नियमाने वाढत नाही, पण दिशा हीच असते. त्या मुलीला तिची जुनी कोलांटी नव्या शरीरात पुन्हा शिकायची असते.

त्यातच हाडांच्या टोकांशी असलेल्या ग्रोथ प्लेट्स, म्हणजे जिथून हाड वाढतं ते भाग, या काळात सगळ्यात नाजूक असतात. मनगट दुखणं हे जिम्नॅस्ट मुलांत इतकं सरसकट आढळतं की कोच त्याकडे 'सगळ्यांचंच दुखतं' म्हणून दुर्लक्ष करतात. टाचेचं आणि गुडघ्याखालचं दुखणं, कंबरेच्या मणक्यातली बारीक चीर, यांचंही तेच. यावर पुस्तकात सुचवलेला उपाय स्वस्त आहे: दर तीन महिन्यांनी उंची, बसलेल्या स्थितीतली उंची आणि वजन वहीत लिहायचं. उंची झपाट्याने वाढताना दिसली की नवीन अवघड प्रकार थांबवायचे, उड्यांची आणि हातांवरच्या भाराची संख्या कमी करायची, ताकदीचा आणि लवचीकतेचा सराव वाढवायचा. पन्नास रुपयांची वही आणि भिंतीवर चिकटवलेली मापाची पट्टी. हे न करता अकरा-बारा वर्षांच्या मुलीला राज्य स्पर्धेसाठी डबल सॉल्टो, म्हणजे हवेतल्या सलग दोन कोलांट्या, शिकवणं याला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. तो निष्काळजीपणा आहे.

निष्काळजीपणा कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण एलेना मुखिना. सोव्हिएत संघाची ही खेळाडू १९७८ ची सर्वांगीण जगज्जेती. पुढच्या वर्षी तिचा पाय मोडला. तो नीट भरून येण्याआधीच मॉस्को ऑलिम्पिकच्या तयारीसाठी तिला पुन्हा सरावाला उभं केलं गेलं. फ्लोअरवरचा थॉमस सॉल्टो तिला करायचा होता, पुरुषांसाठी बनलेला प्रकार, ज्यात मानेच्या अगदी जवळ उतरावं लागतं. तो धोकादायक आहे हे ती सांगत होती. ३ जुलै १९८० रोजी, ऑलिम्पिक दोन आठवड्यांवर असताना, मिन्स्कमध्ये सराव करताना ती चुकीची उतरली आणि मान मोडली. वीस वर्षांची होती. उरलेली सव्वीस वर्षं तिने हातपाय न हलवता काढली. तो प्रकार पुढे महिलांसाठी बंद झाला. त्या हॉलमधलं ध्येय एकाच तारखेला बांधलेलं होतं, आणि मुलीचं शरीर त्या तारखेला तयार आहे का हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मुलांच्या बाबतीत एवढंच सांगतो: रिंग्जवरचे ताकदीचे स्थिर प्रकार, विशेषतः क्रॉस (हात दोन्ही बाजूंना आडवे ताणून लटकणं), वयात येण्याआधी स्पर्धेसाठी मागणाऱ्या कोचवर विश्वास ठेवू नये. अठराव्या वर्षापर्यंत वेळ आहे. खांदे एकदाच मिळतात.

वजन आणि जेवण यांवरचं प्रकरण पालकांनी टाळू नये. अमेरिकेची क्रिस्टी हेन्रिच ही जिम्नॅस्ट १९९४ मध्ये बाविसाव्या वर्षी खाण्याच्या आजाराने गेली. 'थोडी जाड झालीस' हे वाक्य आपल्या हॉलमध्ये दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं हे मी मोजलेलं नाही, पण ऐकलं पुष्कळदा आहे. कमी खाऊन जास्त सराव करणाऱ्या मुलीची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरून येत नाहीत. हलकं शरीर ही पुढच्या सहा महिन्यांची सोय असते. सोळाव्या वर्षी लागणारी हाडं त्याच काळात घडत असतात.

आणि ज्या विषयावर लिहिताना हात जड होतो, तोही इथे हवाच. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. दीडशेहून अधिक मुली-महिलांनी न्यायालयात उभं राहून त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगितलं. जून २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅन व्हाइट यांचा चौकशी अहवाल आला. त्याने तिथल्या जिम्नॅस्टिक्समधल्या मानसिक आणि शारीरिक छळाची जंत्रीच मांडली. हे दोन्ही देश पदकांच्या यादीत वर होते. यंत्रणा होती, परवाने होते, समित्या होत्या. या खेळात कोचला मुलाला हाताने आधार द्यावाच लागतो, म्हणून नियम अधिक कडक हवेत: हॉलचं दार उघडं, कोच आणि मूल एकटे कधीच नाहीत, प्रवासात वेगळी खोली, आधार कुठे आणि का देणार हे मुलाला आधी सांगायचं, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव भिंतीवर. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. तो वाचलेला कोच मला क्वचित भेटतो.

हे सगळं वाचून एखाद्या पालकाला वाटेल, मग पाठवूच नये की काय. तर तसंही नाही. ओक्साना चुसोविटिना या जिम्नॅस्टचं उदाहरण घ्या. जन्म १९७५. १९९२ च्या बार्सिलोनात सांघिक सुवर्ण, २००८ मध्ये बीजिंगला तेहतिसाव्या वर्षी व्हॉल्टवर रौप्य, आणि टोकियोत शेहेचाळिसाव्या वर्षी आठवं ऑलिम्पिक. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने टोकियोत हवेतलं दिशाभान सुटतंय हे ओळखून माघार घेतली, तिच्यावर टीकेचा भडिमार झाला, आणि तीच पॅरिसमध्ये सत्ताविसाव्या वर्षी तीन सुवर्णं घेऊन परतली. थांबण्याची परवानगी असलेला खेळाडू जास्त काळ खेळतो, याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण माझ्यापाशी नाही. छोट्या मुलींचा खेळ ही ओळख जगात मागे पडते आहे. ती आपल्याकडेच जास्त घट्ट धरून ठेवली आहे.

तेव्हा ध्येय लिहायचं कसं? उलट्या बाजूने. सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी त्या मुलाला काय यावं लागेल ते आधी लिहायचं, मग चौदाव्या वर्षी त्यासाठी काय लागेल, मग बाराव्या, मग नवव्या. असं मागे येत गेलं की सातव्या वर्षीच्या पानावर पदक हा शब्द उरतच नाही. तिथे उरतात दोरीवर चढणं, पाय सरळ ठेवून लटकणं, नीट उतरणं आणि पुढच्या वर्षी परत यायची इच्छा. शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. पन्नास मुलं सहाव्या वर्षी आली आणि सोळाव्या वर्षी दोन उरली, तर त्या दोघांच्या पदकांपेक्षा अठ्ठेचाळीस का गेली हे कोचला विचारायला हवं. त्यांतली काही पोल व्हॉल्टला, डायव्हिंगला, र्‍हिदमिकला किंवा एरोबिक जिम्नॅस्टिक्सला गेली असतील तर ती गळती नाही. दुखापतीने किंवा अपमानाने गेली असतील तर आहे.

अमेरिकेत मुलींसाठी एक ते दहा अशा पातळ्या आहेत. पहिल्या पाचांत सगळ्यांना एकच ठरवून दिलेला संच करावा लागतो, पातळीला किमान वयाची अट असते आणि वरच्या पातळ्यांवर जायला ठराविक गुण लागतात. ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही, तिच्यातही दोष आहेत. पण तिच्यात आठ वर्षांचं मूल आपल्या पातळीशी झुंजतं. आपल्याकडे ते शेजारच्या क्लासच्या मुलाशी झुंजतं, आणि त्याच्या मागे दोन्हीकडचे पालक.

म्हणून जिल्हा आणि राज्य संघटनांना एक विनंती. दहा वर्षांखालच्या गटात क्रमांक देणं बंद करा. त्याऐवजी ठरलेल्या मूळ हालचालींची चाचणी घ्या, उतरण्याला निम्मे गुण ठेवा, आणि चाचणी पार करणाऱ्या प्रत्येक मुलाला पातळीचं प्रमाणपत्र द्या. शिक्षण खात्यालाही सांगायचं आहे: क्रीडा गुण दहावीच्या वर्षी द्या, पण अकरावी-बारावीत जो खेळतो त्याला अधिक द्या, म्हणजे उंबरठ्यावरून परत फिरायला निदान सरकारी कारण उरणार नाही. यासाठी नवा हॉल लागत नाही, परदेशी कोच लागत नाही. पुढच्या हंगामाचं परिपत्रक निघण्याआधी एक बैठक घेतली तरी पुरे.